बुनथोमचं कुंपण

थायलंडात गांजाची लागवड खुली झाली, तेव्हा आमच्या शेजारच्या बुनथोमने घरामागचा तुकडा रेड्याने नांगरून घेतला आणि मातीत भाताचं तूस मिसळलं. रोपं चोरीला जायच्या धास्तीने त्याने लावणीआधीच बांबूचं दाट कुंपण घातलं. आत जायला जेमतेम फट ठेवली, तीही अंग चोरून जाण्यापुरती. मग मोठ्या ऐटीत बायकोला हाक मारली.

लमदुआन बघून म्हणाली, "कुंपण झकास झालंय हो. पण रेडा आतच राहिलाय!"

"अरेच्चा! मग आता?"

"आता काय? तुम्ही चारा घाला, तो शेण घालील. खताची सोय झाली."

कुंपण मोडायला बुनथोमचा जीव होईना. तो रोज मुकाट्याने चारा टाकत राहिला. शेवटी रेडाच कंटाळला आणि अर्धं कुंपण गळ्यात घेऊन अंगणात आला.