तारलीचे दिवस

एसिनामने शियाच्या बियांचं लोणी बोटांवर विरघळवलं आणि नवऱ्याचा हात मांडीवर ओढून घेतला. आग्बेकोचे तळवे लालबुंद झाले होते. जरा दाबलं तरी तो ओठ आवळून घेई. समोर केटा गावाच्या किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढणं चाललं होतं. दोराला माणसं लागली होती आणि ओढीचं गाणं दुसराच कुणी सांगत होता. आजवर तो मान आग्बेकोचा.

“सूर किती खाली धरलाय,” तो म्हणाला. “अशानं दोर हलतो होय?”

त्याच्या मूत्रपिंडातली गाठ फुप्फुसापर्यंत पसरली, तेव्हा अक्राच्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी सुरू केली. वाढायला गाठीला रक्त लागतं, त्यासाठी ती आपल्यापुरत्या नव्या रक्तवाहिन्या फोडून घेते. गोळी तिची वाढ रोखते आणि त्या वाहिन्याही होऊ देत नाही, असं बाईंनी समजावलं होतं. गाठ खरोखरच थांबली. पण तळव्यांची सालं निघाली, मक्याच्या आकप्लेचा घास तोंडात मातीसारखा लागू लागला.

“असं नुसतं बसून वर्षं वाढवायची कशाला?” तो एकदा म्हणाला होता.

चार आठवडे गोळी, मग दोन आठवडे सुट्टी. सुट्टीत तिचा जुना नवरा परत येई. कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरे, पहाटेच किनारा गाठी. त्या दिवसांसाठी ती झुरायची, आणि ते आले की धास्तावायची. गोळी बंद असताना आत काय चाललं असेल?

पुढची सुट्टी संपली नेमकी त्याच सकाळी तारली माशांची झुंड किनाऱ्याला आली. एसिनाम गोळी आणि पाणी घेऊन खोलीत गेली तर अंथरूण रिकामं. ती तशीच किनाऱ्यावर गेली. आग्बेको दोराच्या पुढच्या टोकाला होता, गाणं सांगत होता, आणि मागची सगळी रांग त्याच्या आवाजावर झुकत होती. हाक मारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. गोळी लुगड्याच्या टोकाला बांधली, पाण्याची बाटली वाळूत रोवली आणि त्याच्या मागे दोर धरला.

जाळं वर आलं, चांदीसारखं झळाळत. आग्बेको धापा टाकत वाळूत बसला. तिने लुगड्याची गाठ सोडून गोळी पुढे केली. आता नको म्हणेल, आणखी चार दिवस मागेल, म्हणून तिने मन घट्ट केलं होतं.

त्याने गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली.

“बाईंना एक विचारशील?”

“काय?”

“ही सुट्टी मागेपुढे करता येते का म्हणावं. पुढच्या वर्षी तारलीला हात मोकळे हवेत.”

“विचारते,” ती म्हणाली.

मग ती लगबगीने जाळ्यापाशी गेली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि मासे सोडवू लागली.