शेवरीची लोकर

मी एक जुनी कातर आहे मित्रांनो, पण शिंप्याची नव्हे हं, मेंढरांची! इंदापूरच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पोलादी पाट्यातून मला घडवले, म्हणून माझी पाती अजून धार धरून आहेत. निरवांगी गावच्या सोनबाआबांनी मला तीस वर्षे वापरले. कोकराचे पहिले जावळ मी असे उतरवायची की कोकरू झोपेतून जागे व्हायचे नाही. यात थोडी बढाई आहे, पण थोडीच.

पुढे शेतात ऊस आला, आबांनी कळप विकला आणि मी खुंटीवर गेले. वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचे.

१९९४ च्या उन्हाळ्यात आबांची नात सुकन्या हिला तिच्या मामाने पुण्याहून पर्शियन जातीची मांजरी आणून दिली. मी खुंटीवरून पाहिले आणि पाहतच राहिले! काय तिचा थाट! गोल चेहरा, चपटे नाक, घासलेल्या तांब्याच्या रंगाचे डोळे, आखूड पाय आणि झुबकेदार शेपटी. आवाज इतका मवाळ की तिला भूक लागलेली पटकन कळायचीही नाही. आणि लोकर? हजारो मेंढरे माझ्या हाताखालून गेली, पण अशी दुहेरी लोकर मी पाहिली नव्हती. वर लांब रेशमी केस, आत कापसाहून मऊ लव. शेवरीच्या झाडाच्या मऊ कापसावरून सुकन्याने तिचे नाव शेवरी ठेवले.

"रोज डोळे पुसायचे आणि रोज विंचरायचं," मामाने जाताना बजावले.

डोळे पुसले गेले, विंचरायचे मात्र राहून गेले. केस मळले, तेव्हा आबा पुढे झाले. लोकर मळली तर काय करायचे, हे त्यांना कोण शिकवणार? कातरण्याआधी मेंढरे पाण्यात धुवायची आणि उन्हात सोडायची, ही त्यांची जन्माची रीत. तशीच त्यांनी शेवरी पाटाच्या पाण्यात धुतली आणि उन्हात बसवली. मेंढराला चालते ते तिला चालले नाही. गुंतलेली बारीक लव भिजली, आवळली आणि आठवड्याभरात तिच्या काखेत, पोटाखाली घोंगडीसारखे घट्ट गोळे झाले. पाऊल टाकले की कातडी ओढली जायची. शेवरीने खाणे सोडले.

सुकन्या रडत गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली.

"गोळं काढल्याबिगर ही जगायची न्हाय, आबा," डॉक्टर म्हणाले. "पर कातडी कागदावानी पातळ हाय. माझा हात म्हशींवर बसल्याला. हितं तुमच्याबिगर कुणाला जमंल?"

"माज्यामुळंच झालंय ह्ये," आबा म्हणाले. "आता कातर सुटून लई वर्सं झाली. लागलं म्हंजी?"

"कोकराला कधी लागलं व्हतं का आबा?" सुकन्याने विचारले.

"न्हाय."

"मग हिलाबी लागायचं न्हाय."

आबांनी मला उतरवले, दगडावर धार लावली. शेवरीला कोकरासारखे मांडीत बसवले. गोळा आणि कातडी यांच्यामध्ये त्यांनी आपली दोन बोटे सरकवली आणि मला त्या बोटांवरून चालवले. घसरलेच तर बोट कापेल, शेवरी नाही. एकदा मी घसरले. आबांच्या बोटातून रक्त आले, पण त्यांनी हात काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेवरीने मात्र एकदाही बोचकारले नाही. केवढा सोशिक जीव!

शेवटचा गोळा निघाला. शेवरीने अंग ताणले, चार पावले टाकली आणि वाटीकडे गेली. सुकन्या आबांच्या गळ्यात पडली. आबांच्या बोटाला चिंधी बांधायचे त्यानंतरच सगळ्यांना सुचले!

दुसऱ्याच दिवशी इंदापूरच्या बाजारातून विरळ दातांचा कंगवा आला. आता आबा रोज सकाळी सावलीत बसून शेवरीला विंचरतात, ओल्या कापसाने डोळे पुसतात, दुपारी तिच्यासाठी फरशी गार ठेवतात. आंघोळ झालीच तर आधी विंचरतात आणि नंतर मुळापर्यंत कोरडी करतात. तिची लोकर पुन्हा झुलू लागली आहे.

मी परत खुंटीवर आहे. मित्रांनो, देखणे जनावर घरी आणाल, तर त्याला काय लागते ते आधी विचारा आणि कंगवा रोज हातात घ्या. मला पुन्हा उतरवायची वेळ आणू नका. माझ्यावर गंज चढू दे. शेवरीसाठी तो मला आनंदाने चालेल.