रस्त्यातली खुर्ची

आश्लेषाने एका हाताने खुर्ची उचलली, फुटपाथवर आणली आणि झाडाखाली टेकवली. दुसरा हात सियाच्या डोक्यामागे होता. सात महिन्यांची सिया पोटाशी बांधलेल्या कॅरियरमध्ये रडून रडून लाल झाली होती आणि बस यायला अजून अवकाश होता.

खुर्ची कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली असावी. स्टीलचे पाय, पिवळं रेक्झिन, एका कोपऱ्यात चिकटपट्टी. रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत ती एकटीच उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवली असेल, असं आश्लेषाला वाटलं. नाशिकला त्यांच्या गल्लीतले मेडिकलवाले अशीच एक खुर्ची बाहेर ठेवायचे. म्हातारी माणसं घटकाभर टेकून पुढे जायची. पण इथे ती चक्क रस्त्यात का ठेवली असेल? एखाद्या गाडीने उडवली असती म्हणजे?

तिने खुर्ची हलवून पाहिली, रेक्झिनवरून हात फिरवला, मग बसली. ओढणी पुढे घेऊन तिने सियाला पाजायला घेतलं. रडणं थांबलं, तसं तिला आजूबाजूचं ऐकू येऊ लागलं. कुठल्या तरी घरात लसूण परतला जात होता.

या गावात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. यतीनच्या कंपनीचं दुसरं ऑफिस मिशिगनमधल्या नोव्हायला होतं आणि तिकडे बदली हवी का, हे त्याला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आश्लेषाचं उत्तर ठरलेलं होतं. नोव्हायला त्याचे दोन जुने मित्र होते, महाराष्ट्र मंडळ होतं, सियाला सांभाळायला तयार असलेल्या एक मावशीही होत्या.

"तिथे माणसं आहेत रे," ती म्हणाली होती.

"पिट्सबर्गात काय हरणं राहतात?"

"तू ऑफिसात असताना हिला काही झालं, तर मी कुणाचं दार वाजवू? सांग ना."

"या गावाला नाही म्हणण्याआधी एकदा ते बघ तरी," एवढंच तो म्हणाला.

म्हणून ती सियाला बांधून बसने हिंडत होती. पण गाव बघताना ती खरं तर दारंच बघायची. पोलिश हिलला चर्चचे हिरवे घुमट, उतारावर एकमेकींना धरून उभी असलेली अरुंद घरं आणि जिकडे तिकडे पायऱ्या; तिथे तिला नुसती घसरण्याची भीती वाटली. स्क्विरल हिलला शनिवारी काळ्या कोटातली ज्यू कुटुंबं पोराबाळांसकट प्रार्थनेला चालत निघालेली. तिला ते फार आवडलं, पण त्यांचं सगळं आपापसात होतं. स्ट्रिप डिस्ट्रिक्टला मासे, कॉफी, भाज्यांच्या पेट्या, गर्दी; दारं मात्र सगळी दुकानांची. आज ब्लूमफील्ड. खांबांवर इटलीचे झेंडे आणि घराघरापुढे अंगणाएवढीही जागा नाही.

मोकळ्या जागेत एक लाल गाडी येऊन लागली. कानात इअरफोन घातलेली मुलगी उतरली आणि निघून गेली.

थोड्या वेळाने एक जुनी निळी गाडी हळू झाली. टोपी घातलेल्या म्हाताऱ्याने लाल गाडीकडे पाहिलं, मग आश्लेषाकडे, मग ती बसली होती त्या खुर्चीकडे. गाडी पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा तीच नजर. तिसऱ्यांदा ती कोपऱ्यावरून वळताना दिसली, तेव्हा आश्लेषाने ओढणी घट्ट धरली, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि यतीनला पाठवला.

लगेच त्याचा फोन आला. "काय झालं? कुणाची गाडी आहे ही?"

"एक माणूस फेऱ्या मारतोय. माझ्याकडे बघतोय."

"एखाद्या दुकानात जा आत. फोन चालू ठेव."

ती उठतच होती, तेवढ्यात तो म्हातारा कोपऱ्यावरून चालत आला. दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या, एक पाय ओढत. तिच्यापाशी येऊन तो थांबला, दम घेतला.

"डोन्ट गेट अप," तो म्हणाला. "लेट हर फिनिश हर लंच."

मग तीन पायऱ्या चढून तो समोरच्या हिरव्या दारातून आत गेला. आश्लेषाने घाईघाईने सामान आवरलं आणि बसस्टॉप गाठला. खुर्ची झाडाखालीच राहिली.

संध्याकाळी तिने हे मीनाक्षीकाकूंना फोनवर सांगितलं. काकू देवळात ओळख झालेल्या. तीस वर्षं या गावात, पण राहायला लांब, हायवेपलीकडे. त्यांनी मध्येच अडवलं.

"थांब थांब. रस्त्यातली खुर्ची उचललीस तू?"

"हो. का?"

काकूंना हसू आवरेना. "अगं, एसटीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकायचो की नाही? ती खुर्ची म्हणजे इथला रुमाल! पार्किंग धरून ठेवतात तिने. लोक बर्फातून फावड्याने जागा काढतात नि खुर्ची ठेवून जातात. कुणाची टाप नाही हात लावायची. आणि तू त्या रुमालाला नाक पुसलंस, बाई!"

आश्लेषा हसली नाही. "म्हणजे ते फेऱ्या मारत होते..."

"जागा शोधत होते बिचारे. लांब लावून आले असणार."

ओढत टाकलेला तो पाय तिला दिसला. तिने फोन कानाशी धरूनच दुसऱ्या हाताने सियाच्या पायातला मोजा वर ओढला.

"काहीतरी घेऊन जाते त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"जा की. पण स्टीलच्या डब्यात नेऊ नकोस हं. परत आणायला कधी जाशील? तुमचं तर नोव्हायचं ठरतंय."

फोन ठेवल्यावर तिने नंबर प्लेटचा फोटो पुसून टाकला. नंबर पाठ झाला होता, त्याला इलाज नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती बसमधून उतरली तेव्हा पिशवीत रव्याचे लाडू होते. कुणाला चालत नसले तर, म्हणून काजू घातले नव्हते. डबा स्टीलचा होता. दुसरा सापडला नाही, असं तिने निघताना स्वतःलाच सांगितलं होतं.

हिरव्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत आज निळी, घडीची खुर्ची होती. पिवळी खुर्ची फुटपाथवर झाडाखाली होती, तिने सोडली होती तिथेच. पण तिच्यावर आता विणलेल्या कव्हरची एक उशी होती आणि पाठ रस्त्याकडून भिंतीकडे वळवलेली होती. बसणारीला रस्ता दोन्ही बाजूंनी दिसावा, अशी.

आश्लेषा बसली नाही. एक हात उशीवर ठेवून नुसती उभी राहिली. सियाने कॅरियरमधून हात काढून झाडाचं पान धरायचा प्रयत्न केला.

कोपऱ्यावरून निळी गाडी वळली. नंबर तिला लांबूनच ओळखू आला.

ती पुढे झाली, घडीची खुर्ची उचलून फुटपाथवर घेतली आणि मागे पाहत हात हलवू लागली. म्हाताऱ्याने तिला पाहिलं आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

"येऊ द्या," ती म्हणाली. मराठीतच. "येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या."

तो येऊ देत होता. काच खाली करून, मान वळवून, तिच्या हाताकडे बघत. कुठलाही शब्द अडला नाही.

"बस्स!" तिने डिकीवर थाप मारली. सिया दचकली आणि खळखळून हसली.

पर्समध्ये फोन वाजत होता. तिने तो खांद्याने कानाशी दाबला.

"अगं, ते उत्तराची वाट बघतायत," यतीन म्हणाला. "नोव्हायला हो कळवू ना?"

"थांब जरा. गाडी लावून देत होते."

"गाडी? कुणाची?"

"काकांची."

म्हातारा दार धरून सावकाश उतरत होता. त्याने टोपीला हात लावला, झाडाखालच्या खुर्चीकडे बोट केलं आणि 'बस' अशी खूण केली. आश्लेषाने डबा पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"आश्लेषा? कुठले काका?"

ती खुर्चीवर बसली. मान वळवली की हिरवं दार दिसत होतं, वरचे पितळी आकडेसुद्धा.

"वाजवायला दार सापडलंय. लिहून घे," ती म्हणाली, आणि त्याला पत्ता सांगू लागली.