पट्टा कुणी काढला

नवऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि तो वर म्हणत होता, "जाऊ दे." त्या दोन शब्दांनी विलुजेंगच्या अंगाची लाही लाही झाली.

मलांग शहरात जुन्या मोटारींच्या रेडिएटरला डाख लावावा तर तिनेच. बापाकडून शिकलेली विद्या. तिचा नवरा सारविदी बावीस वर्षं हांदोकोसाहेबांकडे ड्रायव्हर होता. त्यांची एकोणीसशे सत्तावीस सालची मोटार त्याने पोटच्या पोरीसारखी जपली होती.

शनिवारी त्या मोटारीतून हांदोकोंच्या घरच्या लग्नाची वरात निघाली. भर दुपारची वेळ, आणि चाल सायकलरिक्षापेक्षाही हळू. चौकात वाफेचे लोट उठले. मागच्या गाडीतून हांदोको उतरले आणि पाहुण्यांदेखत ओरडले, रेडिएटरचं टोपण उघड, पाणी ओत. निवेपर्यंत थांबूया, असं सारविदी दोनदा म्हणाला. मग मालकाचा शब्द मोडवेना म्हणून त्याने फडकं धरून टोपण फिरवलं, आणि उकळतं पाणी हातावर फुटलं. संध्याकाळी जुन्या मोटारवाल्यांच्या संघात प्रत्येकाच्या फोनवर हांदोकोंचा निरोप पोचला: ड्रायव्हर म्हातारा झालाय, पाणी घालायला विसरला.

सोमवारी हांदोकोंनी तीच मोटार विलुजेंगच्याच दारात आणून सोडली. सांधा गळतोय म्हणे.

विलुजेंगने बॉनेट उघडलं. या मोटारीला पाण्याचा पंप नाही. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, रेडिएटरच्या नळ्यांतून निवत खाली उतरतं आणि पुन्हा इंजिनात शिरतं. पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो. रांगत्या गाडीला मात्र पंख्याचाच आधार, आणि इथे पंख्याचा पट्टाच गायब होता. तुटला असता तर चिंध्या सापडल्या असत्या. नट नीट सैल करून कुणीतरी तो काढून घेतला होता. जाळीत मोगऱ्याच्या पाकळ्या शिजून चिकटल्या होत्या.

नवऱ्याला तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो जमिनीकडे बघत बोलला. पट्टा करकरतो, वरातीच्या चित्रीकरणात आवाज येतो, म्हणून हांदोकोंनी काढायला सांगितला. त्याने नकार दिला, तर त्यांनी गाडीच्या रंगाऱ्याकडून काढवून घेतला. वर पुढची सगळी जाळी फुलांनी झाकली.

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मोठी माणसं आहेत ती. तमाशा कशाला?"

मालकापेक्षा नवऱ्याचाच तिला जास्त राग आला. पण भाजलेल्या माणसाशी काय भांडणार?

सांधा तिने नेटका जोडला, पाणी काठोकाठ भरलं. पट्टा मात्र बसवला नाही. रविवारी बाजारातून मोगऱ्याची जाड चादर घेतली, मोटार स्वतः चालवत संघ जमतो त्या मैदानात नेली आणि संघाच्या गाड्यांच्या मधोमध उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मग ती चादर रेडिएटरवर बांधली. चहाचे पेले हातात घेऊन लोक गोळा झाले. हांदोको हसत पुढे आले, "बाई, हे काय नवीन?"

"पाणी मी भरलंय. पंख्याला पट्टा नाही, वरातीत नव्हता तसाच. आता बघत राहायचं."

हांदोको इंजिन बंद करायला वाकले, तर ती दारापुढे आडवी उभी राहिली. कुणीतरी बॉनेट उचलून बघितलं आणि हांदोकोंकडे वळून बघितलं. थोड्याच वेळात टोपणाखालून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिने खिशातलं फडकं काढून हांदोकोंपुढे धरलं.

"उघडा टोपण. माझा नवरा उघडू शकतो, तर तुम्हाला काय झालं? तुम्ही तर त्याच्याहून तरुण आहात."

हांदोको दोन पावलं मागे सरले. मग खालच्या आवाजात म्हणाले, पट्टा मी काढायला लावला.

"मोठ्याने. फोनवर सगळ्यांना ऐकू गेलं होतं ना?"

त्यांनी ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सारविदीने पाणी घातलं होतं, हेही सांगितलं. माफी काही मागितली नाही. तिने इंजिन बंद केलं, किल्ली टपावर ठेवली आणि चालत घरी आली.

बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती. सारविदी ओसरीवर बसला होता. त्याने विचारलं, "गाडीच्या इंजिनाचं हेड तडकलं नाही ना? त्या बिचारीचा काय दोष?"

विलुजेंगने त्याच्या हातावरची जुनी पट्टी सोडली, मलम लावलं, नवी बांधायला घेतली, आणि दात-ओठ खात गाठ जरा जास्तच आवळली.