भिंतीत न बुडणारं दार

पंधरा वर्षं रंगकामात काढली, पण रंगाला हात लावायची वेळ तिच्यावर फारशी आलीच नव्हती. जुन्या भिंती खरवडायच्या, भेगा भरायच्या, पुट्टीचे दोन हात मारायचे, घासून घासून भिंत काचेसारखी करायची. आणि मग ब्रश घेऊन ऐटीत पुढे यायचे ते पुरुष कारागीर. म्हणून सगळे तिला पुट्टीताई म्हणत. कुठला रंग कशाशेजारी शोभेल हे ती मनात ठरवायची आणि मनातच ठेवायची. तिला विचारतंय कोण!

या वर्षी मात्र तिनं मनाचा हिय्या केला आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं. काम छोटंच होतं. एका दुमजली घरात वरच्या मजल्यावरची एक खोली, सात वर्षांच्या मुलीसाठी. मुलीचे वडील बोटीवर कामाला, सहा महिने समुद्रात. घरात मुलीची आई आणि आत्या. आत्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण तिच्या आवाजाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

"चारही भिंती मलई," शेड कार्डावर बोट ठेवून आत्यानं फर्मावलं. "दार पांढरं, कपाट पांढरं, पलंग पांढरा. खोली शांत दिसली पाहिजे. कळलं ना?"

"कळलं, आत्याबाई."

आई मुलीचा हात धरून उंबऱ्याशी उभी होती. मुलगी म्हणजे ठकी. खरं नाव शाळेच्या वहीवर, घरात ठकीच. तिच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, पिकल्या जांभळाएवढं टेंगूळ होतं.

त्या टेंगळाची हकिगत पुट्टीताईला दुसऱ्या दिवशी कळली. गेल्या वर्षी ठकीच्या डोळ्यांना आजार झाला होता. डॉक्टरांनी शर्थ केली. शेवटी म्हणाले, आहे एवढी नजर टिकेल, पण गेलेली परत येणं कठीण. राहिली होती ती जाड धुक्यातून पाहावी इतपतच. तेव्हापासून ठकीला घरात कुणी एकटं सोडत नव्हतं. पाणी प्यायला आईचा हात, मोरीपर्यंत आत्याचा हात. गेल्याच आठवड्यात स्वतःहून निघाली ती याच खोलीच्या अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर आपटली. त्यानंतर तीच म्हणायला लागली, "बसते मी इथेच."

जिथे बसवतील तिथे बसून राहायची. सात वर्षांची पोर, आणि उशीसारखी ठेवलेली.

तिसऱ्या दिवशी पुट्टी घासून झाली आणि पुट्टीताईनं पांढऱ्या प्राइमरचा हात मारला. तो वाळला तसा तिनं डोक्याचा नारिंगी रुमाल सोडला, घाम पुसला आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवला. आईनं ठकीला दाराशी उभं केलं आणि ती चहा टाकायला खाली गेली.

"ते काय लावलंयस तिकडे?" ठकीनं विचारलं.

"कुठे गं?"

"तिकडे." आणि बोलता बोलता ठकी चालायला लागली. हात पुढे न करता, न चाचपडता, सरळ खोली ओलांडून गेली आणि तिनं तो रुमाल पकडला. "हे!"

पुट्टीताईच्या हातातला ब्रश तसाच राहिला. जी मुलगी दोन हातांवरचं पांढरं दार ओळखत नव्हती, ती दहा पावलांवरच्या खिळ्याला लटकलेलं फडकं घेऊन उभी होती.

"तुला दार दिसत नाही, मग हे कसं दिसलं?"

"दार भिंतीत बुडतं," ठकी म्हणाली. जणू ही सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट. "पांढऱ्यात पांढरं बुडतं. हे बुडलं नाही."

त्या दुपारी पुट्टीताईनं प्लायवूडचे दहा-बारा तुकडे आणले, प्रत्येकाला वेगळा रंग फासला आणि ते वाळताच ठकीसमोर दुकान मांडलं. एक तुकडा मागे धरायचा, दुसरा त्यावर ठेवायचा आणि विचारायचं. ठकीनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि ती आत्याची भाची शोभली.

"बुडला."

"आणि हा?"

"अर्धा बुडला. नापास."

"हा चकचकीत बघ."

"याच्यावर उजेड सांडलाय. डोळ्यांना टोचतो."

शेवटी लिंबाच्या सालीसारख्या फिक्या पिवळ्यावर गडद वांगी रंगाचा तुकडा ठेवला, तशी ठकी उठून उभीच राहिली. "हा तरंगतोय! मावशी, हा इथून दिसतोय! अजून लांब ने!" पुट्टीताई मागे मागे सरकत पार जिन्यापर्यंत गेली, आणि ठकी तिथूनही ओरडत होती, "दिसतोय! अजून दिसतोय!"

आरडाओरडा ऐकून आत्या आणि आई वर आल्या. पुट्टीताईनं एका दमात सांगून टाकलं. भिंती फिक्या पिवळ्या, बिनचकाकीच्या. दार, चौकट आणि जमिनीलगतची पट्टी वांगी. दिव्याच्या बटणांच्या पाटीभोवती वांगी चौकोन. कपाटही वांगी, त्याच्या मुठी पिवळ्या. आणि दाराची कड, जिनं कपाळ फोडलं ती कड, भडक नारिंगी.

"वांग्याचं दार?" आत्याचा आवाज चढला. "घर आहे की मंडई? बाई, तुम्हाला रंग लावायला बोलावलंय, ठरवायला नाही. आणि तिला काय विचारत बसलात? तिला दिसतंय कुठे!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. ठकी हातातला तुकडा छातीशी धरून उभी होती. पुट्टीताईचं हे पहिलंच काम, आणि तेही हातचं जाणार. पंधरा वर्षं गप्प बसली तशी आजही गप्प बसली असती तर कुणी दोष दिला नसता.

"दिसतंय, आत्याबाई," ती म्हणाली. "थोडं दिसतंय. पण आपण तिच्या नजरेला पडेल असं घरात काही ठेवलेलंच नाही."

आई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "वन्संना बोलू नका. मलई मी निवडली होती."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"वाटलं होतं, वर्षा-दोन वर्षांत दिसायला लागेल तिला. तेव्हा तिला खोली छान वाटावी. नाजूक, चारचौघींसारखी." तिनं ठकीच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "हे असे रंग लावले म्हणजे... म्हणजे मीच म्हटल्यासारखं होईल, की आता हे असंच."

पुट्टीताईला मोठं काही बोलता येत नव्हतं. तिला रंगाचं ठाऊक होतं, तेच ती बोलली. "ताई, रंग काय, परत लावता येतो. हिला दिसायला लागलं तर मी स्वतः येऊन मलई लावून देईन, शब्द देते. पण चालायचं वय आज आहे तिचं."

आईनं डोळे पुसले. मग खाली बसून लेकीला जवळ ओढलं. "ठके, तुला कुठला हवाय?"

वर्षभरात ठकीला घरातल्या कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे सांगतच होते. ती जरा गोंधळली. मग दोन्ही हातांनी वांगी तुकडा वर धरून म्हणाली, "हा. आणि दार मोठ्ठं करा."

दार मोठं करता येत नाही हे तिला पटवायला पुट्टीताईला बराच वेळ लागला.

पुढचे चार दिवस तिनं जीव ओतून काम केलं. चिकटपट्ट्या लावून कडा अशा सरळ काढल्या की जणू सुरीनं कापल्या. दाराला तीन हात दिले. पहिला हात वाळला तेव्हा दार असं भयंकर दिसलं की ती लगोलग दुसऱ्या हातासाठी रंग ढवळायला बसली. आत्या दर तासाला येऊन "हं" एवढंच म्हणून जायची, आणि त्या "हं"मध्ये अख्ख्या वर्गाला अंगठे धरून उभं करण्याची ताकद होती.

पाचव्या दिवशी सकाळी सामान लागलं. आई ठकीला घेऊन आली आणि सवयीनं तिचा हात धरून आत जायला लागली.

"सोड ना," ठकी म्हणाली.

आईनं बोटं सैल केली. एक एक करून.

ठकी उंबऱ्यात थांबली. तिनं मान इकडून तिकडे फिरवली, सावकाश, ओठ हलवत अख्खी खोली मोजत असल्यासारखी. मग आत शिरली. नारिंगी कडेपाशी आली, थबकली, तिला एक टपली मारली आणि वळसा घालून पुढे गेली. कपाटापाशी जाऊन पिवळी मूठ ओढली. उघडलं! बंद केलं. परत उघडलं. तिथून बटणांपाशी. दिवा लागला, विझला, लागला, विझला. तिथून खिडकीकडे, खिडकीपासून पलंगाकडे. प्रत्येक फेरीला पाय थोडे जास्त जोरात पडत होते, आणि चौथ्या फेरीला ठकी चक्क पळत होती. तोंडानं गाडीचा आवाज काढत, फ्रॉक उडवत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हळू गं! पडशील!" आईच्या तोंडून निघालं.

"नाही पडत!" आणि खरंच पडली नाही.

मग ती दाराशी आली आणि हुकूम सोडला, "सगळे बाहेर व्हा."

"का गं?"

"माझी खोली आहे."

तिघी बाहेर झाल्या आणि दार धाडकन लागलं. आई कानोसा घेत उभी. आत खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, कुणीतरी हसलं. आईनं दाराच्या मुठीला हात घातला, तसा आत्यानंच तो धरला. "राहू दे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज अजूनही मुख्याध्यापिकेचाच होता. "तिनं बाहेर व्हा म्हटलंय ना? मग बाहेर व्हायचं."

दहा मिनिटांनी दार उघडलं. ठकी कुणाचाही हात न धरता बाहेर आली, चौकटीच्या बरोबर मधून. "झालं. आता जिना."

"जिन्याचं काय?"

"पायऱ्या बुडलेल्या आहेत," ठकी म्हणाली. "मला खाली जायचंय. रोज. एकटीला."

आई हसली, रडली, परत हसली. पुट्टीताईनं नारिंगी रंगाचा डबा उचलला, जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसकण मारली आणि कडेला दोन बोटं रुंद पट्टी ओढली. ठकी शेजारी येऊन बसली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पास. पुढची."

दोघी पाचव्या पायरीवर पोचल्या तेव्हा वरून आत्याचा आवाज आला, आणि तो आवाज आत्याच्या मानानं फारच मऊ होता. "अहो कारागीर, तेवढं झालं की माझ्याही खोलीत या जरा. दिव्याचं बटण हल्ली मलाही सापडत नाही. वांगीच लावा."