साखराबाईचा खुबा

या मायबाप, जरा पुढं सरका. टाळ खाली ठेवा. टेंभुर्णीच्या साखराबाईची गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐका.

साखराबाई गोठ्यात घसरली अन् खुबा मोडला. नवरा त्रिंबक कीर्तनवेडा. सप्ताह कुठंही असो, हा पुढच्या रांगेत अन् मागं बायांत तिचा टाळ. "सप्त्याला उभी राहीन ना मी?" एवढंच तिनं विचारलं.

जालन्यातल्या एका लहान दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "बाबा, सांधा बदलावा लागेल. खरं सांगतो, हे ऑपरेशन माझ्या हातून क्वचितच होतं. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात रोज होतात, तिथले हात बसलेले आहेत. तिकडं न्या."

त्रिंबक गहिवरला. ज्या महाराजांनी उभं राहताच 'मी पामर, मला काय येतं' म्हणून हात जोडले, त्यांचंच कीर्तन आजवर रंगलं होतं. हा माणूसही त्यांच्याच पंगतीतला!

"आबा, ते खरंच सांगून राह्यले," लेक मोनिका म्हणाली.

"गप. मोठी माणसं अशीच बोलतेत."

साखराबाई कण्हता कण्हता हसली. "अवं, माझा खुबा हाय, कीर्तन न्हाई!"

त्रिंबकनं डॉक्टरांचे पायच धरले. ते नाही नाही म्हणत होते, शेवटी तयार झाले.

ऑपरेशन झालं. घरी बाजेवर कूस बदलताना सांधा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. मग जखमेतून पू यायला लागला, ताप चढला, तेव्हा संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीच का नाही आणलं?" बसवलेला सांधा काढला, तरी ताप उतरेना.

"सप्त्याला गेल्ते का तुमी?" साखराबाईनं मधेच डोळे उघडून विचारलं.

"तू ऊठ, मंग संगंच जाऊ."

ती उठली नाही.

सप्ताह आला. महाराजांनी मंडपात हात जोडले, "मी पामर, मला काय येतं..." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्रिंबक ताडकन उभा राहिला. "महाराज, खरंच येत न्हाई का? येत नसंल तर आत्ताच सांगा!"

कुणी हसलं नाही. मोनिकानं येऊन बापाचा हात धरला अन् त्याला बाहेर नेलं.

घ्या मायबाप, टाळ उचला आता. पण वाजवायच्या आधी साखराबाईला तेवढं आठवा.