बल्बाच्या मानेला काळी लोकर

दारावरचा बल्ब ऐन दिवेलागणीलाच उडतो, आणि तोही सून घरात आल्यापासून, हा शोध कडूबाईनं लावला. कडूबाई माझी बायको. असले शोध लावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. सुकन्या लग्न होऊन धारूरहून आमच्या नेकनूरला आली आणि दारावर पांढरे बल्ब टिकेनात. एक गेला, दुसरा गेला, आणि पोरीचा पायगुण वाईट ठरला.

मला काही कळेना. पोरगी मेंढरांमागं उन्हात फिरते, भाकऱ्या थापते. ती बल्बाला काय करणार? पण बल्ब जात होते हेही खरंच. आमचा जीवन आईपुढं तोंड उघडत नाही, नवरा असून.

कडूबाईचा उपाय ठरलेला. आमच्या घरात नवी वस्तू आली की नजर लागू नये म्हणून तिला काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा बांधतात. पूर्वीच्या पिवळ्या बल्बाला बांधता येत नसे, लोकर करपायची. हा पांढरा समोरून गार लागतो, म्हणून ती त्याच्या मानेला खुशाल वेढे द्यायची. एक गेला की पुढच्याला आणखी जास्त वेढे.

शेवटी तिनं फर्मान काढलं, पोरीला माहेरी ठेवून बघू. जीवन मुकाट्यानं सोडून आला. मला इतका राग आला की स्टुलावर चढून मी मेलेला बल्ब उतरवला आणि लोकर ओरबाडून काढली. आतली मान तपकिरी पडलेली, प्लास्टिक तडकलेलं, वर करपल्याचा वास. समोरून गार असलेली वस्तू मागून जळतेच कशी? बाजारात उत्तरेश्वरच्या बल्ब-वायरींच्या दुकानी दाखवला. तो म्हणाला, विजेचा दाब कमीजास्त होत असेल, माल हलका असेल, नाहीतर बल्ब कोंडला असेल. याची गरमी मानेतूनच बाहेर पडते. इतकी कारणं ऐकून मी आणखीच गोंधळलो. तरी नवा बल्ब उघडाच लावला.

तो टिकला. मी खूश होऊन सांगायला गेलो, तर कडूबाईच म्हणाली, "बगा. ती गेली आन् बल्ब टिकला."

झालं. माझ्याच हातानं मी सुनेवर शिक्का मारला होता. लोकरीचं सांगितलं तर म्हणे, लोकरीनं कधी कुणाचं वाईट केलंय? मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, ह्याच बल्बाला बांध तुझा दोरा, चांगला जाड. पोरगी तर घरात नाही, बघू काय होतं. तिनं बांधला. थोड्याच दिवसांत दिवेलागणीला बल्ब फडफडला आणि विझला. कडूबाईनं अंधारातच स्टुलावर चढून करपलेला दोरा सोडला. खाली उतरून म्हणाली, "आना तिला."

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी धारूर गाठलं. सुकन्याला सगळं सांगितलं, लोकरीचं, जळक्या मानेचं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. मला वाटलं, आता उठेल आणि पिशवी भरेल.

"मामा," ती म्हणाली, "लोकर काढली तरी बल्ब कवातरी जाईलच की. तवा मी कुटं जाऊ?"

मला लाज वाटली. पोरगी काही जागची उठली नाही.